फोन तुमचा, सिस्टिम कुणाची?

मैंदर्गीसारख्या गावात नवा फोन घ्यायची पद्धत ठरलेली आहे. ऑनलाइन पाचशे रुपये स्वस्त दिसला तरी घरच्यांचा भरवसा अक्कलकोटच्या किंवा सोलापूरच्या ओळखीच्या दुकानावर. खोकं उघडतं, सिम बसतं, दुकानाचं वाय-फाय लागतं आणि काउंटरवरचा पोरगा अंगठा न थांबवता 'नेक्स्ट, अ‍ॅग्री, अ‍ॅग्री, अलाऊ, डन' करत जातो. दोन मिनिटांत फोन चालू. मग ग्लास लावायची, कव्हर फुकट मागायचं, आणि संध्याकाळच्या एसटीपर्यंत कॅमेरा कसा आहे ते बघायचं. त्या दोन मिनिटांत नेमका कशाकशाला होकार दिला गेला, हे फोनच्या मालकाला ठाऊक नसतं. दुकानातल्या पोरालाही नसतं, कारण त्याला दिवसातून असे दहा फोन चालू करून द्यायचे असतात.

तो होकार ज्या गोष्टीला दिला जातो, तिचं नाव बहुतेकांना माहीतही असतं. शाओमीची पूर्वी एमआययूआय होती, आता हायपरओएस आहे. रिअलमीची रिअलमी यूआय, ओप्पोची कलरओएस, वनप्लसची ऑक्सिजनओएस, सॅमसंगची वन यूआय, विवोची बरीच वर्षं फनटच होती. बोलताना आपण या सगळ्यांना 'अँड्रॉइड' म्हणतो आणि ते अर्धंच खरं आहे. अँड्रॉइडचा मूळ गाभा खुला आहे, कुणीही घ्यावा. त्यावर गुगल आपली अ‍ॅप्स आणि सेवा बसवतं आणि त्यावर फोन बनवणारी कंपनी आपला थर चढवते. स्वतःचं डायलर, गॅलरी, ब्राउझर, अ‍ॅप स्टोअर, थीम, लॉक स्क्रीन आणि मागच्या बाजूला दिसत नसलेल्या कितीतरी सेवा. आपण प्ले स्टोअरवरून जे अ‍ॅप टाकतो ते भाडेकरू. हा थर घरमालक. भाडेकरूला दार वाजवून परवानगी मागावी लागते, मालकाकडे किल्ली आधीपासूनच असते.

या थराने दिलंही बरंच, हे आधी मान्य करू. एमआययूआय २०१० मध्ये आली, शाओमीचा पहिला फोन येण्याच्याही आधी. म्हणजे ही कंपनी सुरू झाली सॉफ्टवेअरपासून. मूळ अँड्रॉइडमध्ये ज्या गोष्टी वर्षानुवर्षं नव्हत्या, त्या या लोकांनी स्वस्त फोनमध्ये दिल्या. एकाच फोनवर दोन व्हॉट्सअ‍ॅप चालवायची सोय, अ‍ॅपला कुलूप, फोनच्या आत दुसरा फोन वाटावा अशी 'सेकंड स्पेस', कॉल रेकॉर्डिंग. टीव्हीचा रिमोट हरवला की शाओमीच्या फोनने चॅनेल बदलायचं हे तर आपल्याकडे घराघरांत झालंय. ज्या घरात एक फोन आई, भाऊ आणि कॉलेजला जाणारी मुलगी असे तिघं वापरतात, तिथे अ‍ॅपचं कुलूप म्हणजे चैन नव्हे. त्या मुलीला मिळणारी तेवढीच खासगी जागा असते ती.

पण दहा-बारा हजारांत एवढं सगळं परवडतं कसं? याचं उत्तर कंपनीने स्वतःच दिलंय. शाओमीचे संस्थापक लेई जुन यांनी २०१८ मध्ये जाहीर केलं, की हार्डवेअरवरचा एकूण निव्वळ नफा पाच टक्क्यांच्या वर जाऊ देणार नाही. त्याच वर्षी शेअर बाजारात उतरताना कंपनीने दिलेल्या कागदपत्रांत दिसतं, की फोन विकून सुटणारं मार्जिन दहा टक्क्यांच्याही आत होतं आणि जाहिराती, गेम यांसारख्या 'इंटरनेट सेवां'वरचं साठ टक्क्यांच्या घरात. गणित सोपं आहे. फोन विकला तेव्हा धंदा संपला नाही, सुरू झाला. फाइल मॅनेजरमध्ये जाहिरात, थीममध्ये जाहिरात, अ‍ॅप इन्स्टॉल होताना स्कॅनच्या नावाखाली जाहिरात. आणि जाहिरात नेमकी लागायची तर समोरचा माणूस कोण, काय बघतो, किती वेळ बघतो, हे माहीत पाहिजे.

हे 'माहीत करून घेणं' किती लांब जातं, याची नोंद आता दहा वर्षांहून जुनी आहे. शाओमी जुलै २०१४ मध्ये भारतात आली आणि त्याच उन्हाळ्यात फिनलंडच्या एफ-सिक्युअर या सुरक्षा कंपनीने रेडमी वन-एस तपासला. खोक्यातून काढलेला कोरा फोन सिम कंपनीचं नाव, आयएमईआय, फोन नंबर आणि फोनबुकमध्ये टाकलेल्या माणसांचे नंबरही कंपनीच्या सर्व्हरला पाठवताना दिसला. कंपनीचं म्हणणं होतं, की हे मोफत मेसेज सेवेसाठी आहे. पण ती सेवा आपोआप चालू होती, हेही खरं. माफी मागून त्यांनी ऑगस्टमध्ये ती ऐच्छिक केली. ऑक्टोबरमध्ये आपल्या हवाई दलाने जवानांना हे फोन न वापरण्याचा सल्ला दिला. चार वर्षांनी, २०१८ मध्ये, भारतीय ग्राहकांचा डेटा भारतातल्याच सर्व्हरवर हलवत असल्याचं कंपनीने जाहीर केलं. ऑक्टोबर २०१७ मध्ये पाळी वनप्लसची. इंग्लंडमधल्या ख्रिस्तोफर मूर या इंजिनिअरने दाखवून दिलं, की त्याचा फोन कधी अनलॉक झाला, कुठलं अ‍ॅप कधी उघडलं, हे सगळं फोनच्या अनुक्रमांकासकट कंपनीकडे जातंय. कंपनीने फोन नंबर आणि वाय-फायची माहिती गोळा करणं थांबवायचं कबूल केलं.

सगळ्यात जास्त गाजलं ते २०२० चं प्रकरण. ३० एप्रिलला 'फोर्ब्स'मध्ये बातमी आली. गाबी किरलिग या सुरक्षा संशोधकाचा रेडमी नोट ८ होता. तेव्हा आपल्या निम्म्या हॉस्टेलकडे हाच फोन असायचा, आठवत असेल. शाओमीचा ब्राउझर तो बघत असलेल्या प्रत्येक पानाचा पत्ता पाठवत होता. 'इन्कॉग्निटो'मध्ये सुद्धा! म्हणजे माणूस ज्या खिडकीवर मुद्दाम पडदा ओढून बसलाय, तिच्या आतलंसुद्धा. फोल्डर कुठलं उघडलं, स्क्रीन कुठल्या बाजूला सरकवली हेही जात होतं. माहिती सिंगापूर आणि रशियातल्या सर्व्हरवर जात होती आणि डोमेनची नोंदणी बीजिंगची. कंपनी म्हणाली, दावे खोटे आहेत, डेटा निनावी आहे, ग्राहकाची संमती आहे. आणि मग काही दिवसांत अपडेट आलं, त्यात इन्कॉग्निटोमधलं संकलन बंद करायचं बटण होतं. दावे खोटे असतील तर बटण कशाला, हा प्रश्न तेव्हा बऱ्याच जणांनी विचारला. ऑगस्टमध्ये भारत सरकारने त्या ब्राउझरवर बंदी घातली. पण तेव्हा गलवाननंतरचं वातावरण होतं. इन्कॉग्निटोमध्ये काय घडलं यापेक्षा कंपनी कुठल्या देशाची आहे, यावरच चर्चा जास्त झाली.

इथे एक गोष्ट वेगळी काढून ठेवू. एप्रिल २०२२ मध्ये ईडीने शाओमीचे ५,५५१ कोटी रुपये जप्त केले, ते परकीय चलनाच्या कायद्याखाली, रॉयल्टीच्या नावाने पैसे बाहेर पाठवल्याच्या आरोपावरून. त्याचा तुमच्या डेटाशी संबंध नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र दोन्ही गोष्टी एकाच फॉरवर्डमध्ये कालवलेल्या सापडतात.

आता 'चिनी आहे म्हणून' हे उत्तर पुरतं का ते बघू. लिथुआनियाच्या सायबर सुरक्षा केंद्राने सप्टेंबर २०२१ मध्ये सांगितलं, की शाओमीच्या एका फोनमध्ये ४४९ शब्द आणि वाक्प्रयोग गाळायची सोय सापडली. 'फ्री तिबेट' त्यात होतं. ती युरोपात बंद होती, पण दुरून चालू करता येईल अशी. कंपनीने आरोप नाकारले. मग जर्मनीच्या सरकारी सायबर यंत्रणेने तपासणी केली आणि जानेवारी २०२२ मध्ये सांगितलं, की कारवाई करावी असं काही आढळलं नाही. दोन सरकारी यंत्रणा, दोन निष्कर्ष. नुसत्या भीतीवर किंवा नुसत्या भरवशावर राहू नये, ते यासाठीच.

त्यापेक्षा कमी गाजलेला, पण माझ्या मते जास्त कामाचा अभ्यास ऑक्टोबर २०२१ मध्ये आला. डब्लिनचं ट्रिनिटी कॉलेज आणि एडिनबरा विद्यापीठाच्या संशोधकांनी सॅमसंग, शाओमी, हुआवे आणि रिअलमीचे युरोपात विकले जाणारे फोन घेतले. सगळे जास्तीचे पर्याय बंद केले आणि फोन जवळपास हात न लावता ठेवून दिले. तरीही फोन बोलत राहिले! स्वतःच्या कंपनीशी, गुगलशी आणि आधीच भरलेल्या अ‍ॅप्समुळे मायक्रोसॉफ्ट, लिंक्डइन, फेसबुकशीही. शाओमीचा फोन कुठल्या अ‍ॅपची कुठली स्क्रीन किती वेळ उघडी होती हे पाठवत होता. त्यावरून कॉल कधी लागला आणि किती वेळ चालला हेही कळू शकतं. सॅमसंग कोरियाची, गुगल अमेरिकेचं. 'बंद करा' म्हटल्यावरही माहिती जात राहणं हा कुठल्या एका देशाचा गुण नाही, धंद्याची रीतच तशी झाली आहे.

आपल्या देशाचंही त्यात योगदान आहे. स्वस्त फोनच्या लॉक स्क्रीनवर रोज नवे फोटो, बातम्या, गेम दाखवणारं 'ग्लान्स' हे बंगळुरूच्या इनमोबीचं. त्यात गुगल आणि जिओ दोघांचेही पैसे आहेत. फोन उचलला, वेळ बघितली, ठेवला. तेवढ्यात एक जाहिरात दाखवून झाली. जून २०२३ मध्ये रिअलमीच्या 'एनहान्स्ड इंटेलिजंट सर्व्हिसेस' या सेटिंगवरून ट्विटरवर ओरड झाली. कॉल, मेसेज, लोकेशन यांची माहिती वापरायची परवानगी देणारं ते बटण सेटिंगच्या तळाशी होतं आणि आपोआप चालू होतं. तेव्हाचे माहिती-तंत्रज्ञान राज्यमंत्री राजीव चंद्रशेखर यांनी तपासून घेऊ असं ट्विट केलं. माहिती फोनमध्येच राहते, बाहेर जात नाही, असं कंपनीचं उत्तर.

आणि मग आला २०२५ चा नोव्हेंबर. दूरसंचार विभागाने २८ तारखेला फोन कंपन्यांना आदेश दिला, की 'संचार साथी' हे सरकारी अ‍ॅप ९० दिवसांच्या आत प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीच भरून द्या आणि त्याची कामं बंद पाडता येऊ नयेत. हरवलेला फोन ब्लॉक करायला, आपल्या नावावर किती सिम आहेत हे बघायला ते अ‍ॅप खरंच उपयोगी आहे. वाद उपयोगाचा नव्हताच. वाद होता किल्लीचा. गदारोळ झाला. हवं तर काढून टाका, असं मंत्री म्हणाले आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली गेली. पाच-सहा दिवसांत विषय संपला. मला त्यातली एकच गोष्ट लक्षवेधी वाटते. सरकारी अ‍ॅप जबरदस्तीने नको, हे आपल्याला एका आठवड्यात कळलं. पण त्याच फोनमध्ये पंधरा-वीस खासगी अ‍ॅप्स तशीच जबरदस्तीने बसलेली असतात, त्यांबद्दल असा आठवडा अजून आलेला नाही. स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलला १,३३७ कोटींचा दंड करताना आधीच भरलेली गुगल अ‍ॅप्स लोकांना काढून टाकू द्या, असंही सांगितलं होतं. मार्च २०२३ मध्ये अपिलीय लवादाने दंड कायम ठेवला, हा निर्देश मात्र रद्द केला.

"पण आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय?" हा प्रश्न कट्ट्यावर हमखास येतो. ठीक आहे, मैंदर्गीच्याच हिशोबाने बोलू. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एक मुलगा रात्री दोनपर्यंत कुठलं अ‍ॅप उघडतो, महिन्याच्या शेवटी कर्ज देणाऱ्या अ‍ॅपची पानं किती वेळा बघतो, घरी न सांगता कुठल्या आजाराची माहिती शोधतो. यातली एकही गोष्ट गुन्हा नाही. पण या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या तर तो अडचणीत आहे हे त्याच्या घरच्यांच्या आधी जाहिरात यंत्रणेला कळतं. त्यानंतर त्याला 'पाच मिनिटांत लोन'ची जाहिरात दिसू लागली, तर त्याला वाटणार नशीब.

हप्त्यावर फोन घेणाऱ्यांची गोष्ट आणखी एक पायरी पुढची. फायनान्सवर घेतलेल्या कित्येक फोनमध्ये कुलूप लावणारं अ‍ॅप टाकलेलं असतं आणि ते साधं अ‍ॅप नसतं, सिस्टिमच्या अधिकाराने बसलेलं असतं. हप्ता चुकला की दुरून फोन बंद. २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने वित्तसंस्थांना हा प्रकार थांबवायला सांगितलं होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये 'रॉयटर्स'ची बातमी आली, की ग्राहकाची आधी संमती घेऊन आणि फोनमधल्या खासगी माहितीला हात न लावता याला परवानगी द्यायचा विचार चालू आहे. कर्ज देणाऱ्याची बाजू समजू शकते, पैसे बुडतात. पण ज्याचं कॉलेजचं ग्रुप, स्कॉलरशिपचा ओटीपी, वडिलांच्या पीक विम्याचा मेसेज हे सगळं एकाच फोनवर आहे, त्याच्यासाठी फोन बंद म्हणजे काय, ते शहरात दुसरा फोन असलेल्यांना लवकर कळणार नाही. आणि ती 'आधीची संमती' कुठे घेतली जाणार? त्याच काउंटरवर, त्याच दोन मिनिटांत.

भाषेचा मुद्दा तर आपल्या भागात सरळ समोर आहे. मैंदर्गीत घरात कानडी, बाजारात दोन्ही, शाळा कुणाची मराठी तर कुणाची कानडी. फोनचे मेनू मराठीत करता येतात, कानडीतही येतात. पण प्रायव्हसी पॉलिसीवर बोट ठेवलं की बहुतेक वेळा इंग्रजीची कित्येक पानं उघडतात. बी.ए., बी.कॉम. झालेल्यालाही ती पुरी वाचवणार नाहीत, दहावी शिकलेल्या आईची तर बातच सोडा. न वाचलेल्या, न कळलेल्या कागदावरच्या अंगठ्याला आपण एरवी काय म्हणतो?

नव्या कायद्यात याच जागी काहीतरी हाताला लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर सहा वर्षांनी, २०२३ मध्ये, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आणि त्याचे नियम यायला २०२५ चा नोव्हेंबर उजाडला. कायदा म्हणतो, संमती मोकळेपणाने, नेमक्या कामासाठी आणि समजून दिलेली हवी. संमतीची मागणी इंग्रजीत किंवा आठव्या परिशिष्टातल्या कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय ग्राहकाला द्यावा लागेल. त्या २२ भाषांत मराठी आहे, कानडीही आहे. १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळलेली संमती लागेल. म्हणजे अकरावी-बारावीतले तुम्ही त्यात आलात. आणि माझं आवडतं कलम हे, की संमती काढून घेणं हे देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे.

आता हे कलम डोक्यात ठेवून शाओमीच्या फोनवर एक प्रयोग करा. सेटिंगच्या शोधपट्टीत 'ऑथरायझेशन' टाका. 'ऑथरायझेशन अँड रिव्होकेशन' असं पान येईल, त्यात 'एमएसए' नावाची सेवा दिसेल. सिस्टिममधल्या जाहिराती दाखवते ती ही. बंद करायला जा. फोन दहा सेकंद थांबायला सांगतो, आकडे उलटे मोजतो. मग कित्येकदा 'करता आलं नाही' असं सांगतो आणि पुन्हा प्रयत्न करावा लागतो. देताना एक टिचकी, परत घेताना इतकी कसरत. 'देण्याइतकंच सोपं' याची व्याख्या कुणाला करायची असेल तर इथून सुरुवात करायला हरकत नाही.

कायद्यात भोकंही आहेत. सरकार आपल्या यंत्रणांना त्यातून सूट देऊ शकतं. कंपन्यांना दंड अडीचशे कोटींपर्यंत होऊ शकतो, पण तो सरकारजमा होणार, तुम्हाला भरपाई नाही. आणि संमतीबद्दलच्या मुख्य तरतुदी लागू व्हायला नियम निघाल्यापासून १८ महिने, म्हणजे मे २०२७ उजाडणार. तोपर्यंत जे करायचं ते आपल्याच अंगठ्याने.

तर अर्धा तास काढा. एमएसएबद्दल सांगितलंच. शाओमीवर त्यासोबत 'युजर एक्सपिरियन्स प्रोग्राम' आणि 'पर्सनलाइज्ड अ‍ॅड' हे दोन शब्द शोधून बंद करा. रिअलमी-ओप्पोवर 'रेकमेंडेशन' आणि ते 'इंटेलिजंट सर्व्हिसेस' शोधा. सॅमसंगवर 'कस्टमायझेशन सर्व्हिस'. मेनूचा रस्ता प्रत्येक अपडेटमध्ये बदलतो, त्यामुळे पाठ करण्यापेक्षा शोधपट्टी बरी. लॉक स्क्रीनवरचं ग्लान्स बंद होतं, फक्त त्याला वेगवेगळ्या फोनमध्ये वेगवेगळी नावं असतात. गुगलच्या सेटिंगमध्ये 'अ‍ॅड्स'मध्ये जाऊन अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी डिलीट करता येतो, तो सगळ्यांनीच करावा. कंपनीच्या ब्राउझरऐवजी फायरफॉक्ससारखा दुसरा, कंपनीच्या कीबोर्डऐवजी दुसरा. जी अ‍ॅप्स काढता येत नाहीत ती निदान 'डिसेबल' होतात का बघा. आणि हो, आईच्या फोनवर पण. तिच्या फोनवर जाहिराती जास्त असतात, कारण तिने काहीच बंद केलेलं नसतं.

यूट्यूबवर 'फोन रूट करा, लिनेजओएस टाका' असा सल्ला मिळेल. हात साफ असेल तर करा, पण काही बँक आणि पेमेंट अ‍ॅप्स मग चालायला कुरकुर करतात. आणि डब्लिनच्या त्याच अभ्यासात गुगलच्या सेवा टाकलेला लिनेजओएससुद्धा गुगलला माहिती पाठवताना दिसला होता. हप्त्यावरच्या एकुलत्या एका फोनवर हा प्रयोग मी तरी सुचवणार नाही.

एवढं करून जाहिराती बऱ्याच कमी होतात, माहिती जाणं पूर्ण थांबत नाही. ते थांबवणारं बटण या फोनमध्ये दिलेलंच नाही. मोठं अपडेट आलं की बंद केलेली काही बटणं पुन्हा चालू झालेली सापडतात, म्हणून अपडेटनंतर फोन रीस्टार्ट झाला की परत एकदा त्या पानावर जाऊन यायचं. आणि पुढचा फोन घ्यायला गेलात, तर काउंटरवरच्या पोराकडून तो 'अ‍ॅग्री'च्या आधीच मागून घ्या. एसटीला अजून वेळ असतो.